शब्द पालीचे, अर्थ जुनेच

माणसांनी धर्म बदलला. शब्दांनी बदलला का? आपल्या वंदनेला, भाषणाला आणि कवितेला मी हा एकच प्रश्न विचारणार आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले ते पालीतून. मग समोरच्या लाखोंना त्यांनी स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या त्या मराठीतून. काय सोडतोय, काय धरतोय हे अडाण्यालाही कळत होतं. पाली मात्र आपण पाठ केली, आणि तिच्यात घरातलेच जुने अर्थ भरले.

पहिला शब्द 'सरण'. मराठीत शरण जातो तो हरलेला माणूस. पालीत सरण म्हणजे आसरा. पावसात आपण छपराखाली जातो, छपरापुढं नाक घासत नाही. पुढचा शब्द 'गच्छामि', मी जातो. आपल्या पायांनी जातो. त्यात मागणं नाही, नवस नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुद्दाम मांडलं. तरी आमचे कवी बुद्धाला पदरात घे म्हणतात, तारून ने म्हणतात. विठोबाचं नाव खोडून बुद्धाचं लिहिलं की अभंग बौद्ध होत नाही.

दुसरा शब्द 'सिक्खापद'. मराठीत शिक्षा म्हणजे मार. पालीत सिक्खा म्हणजे शिकणं. पंचशीलाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'समादियामि' येतं, म्हणजे मी स्वतःहून घेतो. वरून कुणी हुकूम सोडलेला नाही. मोडलं तर नरकात टाकणारा कुणी बसलेला नाही. मी हे शिकायला घेतो, एवढंच. पाचवं शील तोंडानं म्हणून बाहेर गुत्त्याकडे वळणारा देवाला फसवत नाही, कारण इथं देवच नाही. तो आपल्याच शब्दाला फसवतो.

तिसरा शब्द 'कम्म', आणि सगळ्यात मोठा घोळ इथंच आहे. आमच्या वस्तीत पोरगं मेलं, नवऱ्यानं टाकलं, पाटलानं मारलं की म्हातारी म्हणते, भोग हायेत बाबा. भिंतीवर बुद्ध आणि तोंडात भोग! अंगुत्तर निकायात बुद्ध कम्माचा अर्थ 'चेतना' असा देतो, म्हणजे जाणूनबुजून केलेलं कृत्य. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मानंच येतं असं काही लोक म्हणतात, तुमचं म्हणणं काय? बुद्ध कारणं मोजून दाखवतो: पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतुबदल, आपली हयगय, दुसऱ्यानं केलेला आघात; आणि आठवं, कम्माचा विपाक. सगळंच पूर्वकर्मानं येतं म्हणणारे चुकतात, असं तो स्पष्ट सांगतो. सातवं कारण पुन्हा वाचा. दुसऱ्यानं मारलं तर तो मार आहे, भोग नाही. बाबासाहेबांनी याच्या पुढचं विचारलं. गरिबाची दशा त्याच्या मागल्या जन्मावर ढकलली की समाज आणि सरकार मोकळे सुटतात, मग हा सिद्धांत कुणाच्या सोयीचा? १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हाताशी आहे. पण भोग मानणारा माणूस पोलीस ठाण्याची पायरी कशाला चढेल? म्हणून शब्दांचा हा वाद प्रोफेसरांवर सोपवून चालणार नाही.

चौथं, 'अत्त दीप भव'. दिनदर्शिकेवर, कमानीवर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडे. महापरिनिब्बान सुत्तात मात्र 'भव' नाही. तिथं 'विहरथ' आहे, म्हणजे राहा, आणि हे क्रियापद अनेकवचनी आहे. 'दीप'चा अर्थ दिवा की पुरातलं बेट, यावर पंडित भांडतात. दोन्ही अर्थ निघतात. पण अनेकवचनाबद्दल भांडण नाही. बुद्ध अनेकांना सांगतोय. आपण त्याचं एकवचन केलं आणि मग नोकरी लागलेला एकेक दिवा कॉलनीत राहायला गेला. वस्तीत अंधार तसाच.

आपल्या साहित्यात हे कुणाला कळलंच नाही असं मी म्हणत नाही. दया पवारांची 'बुद्ध' ही कविता काढा. डोळे मिटून बसलेला, लेण्यात झोपलेला बुद्ध ती बाजूला ठेवते आणि गोरगरिबांच्या झोपड्यांतून चालणारा, बोलणारा सिद्धार्थ पाहते. तिथं बुद्ध क्रियापद झालाय. त्यानंतर ढिगानं आलेल्या कवितांत तो पुन्हा विशेषण होऊन बसला: शांत, तेजस्वी, करुणामय. विशेषणाला काही करावं लागत नाही.

म्हणून दोन कामं सांगतो. रविवारी वंदना झाली की एका पोरानं उभं राहून एकाच शब्दाचा अर्थ सांगायचा, घरच्या बोलीत. म्हाताऱ्या बायांना उलटे प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणा. आणि कवी मित्रांनो, बुद्धावरची ओळ छापायला द्यायच्या आधी तिथं दुसऱ्या कुठल्याही देवाचं नाव घालून बघा. ओळ तशीच गोड लागली, तर फाडून टाका.