हार्डविक हॉल : खिडक्या कोणासाठी?

आज आपण डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलकडे येतो आहोत. पडद्यावर दिसते ती पश्चिमेची, म्हणजे पुढची बाजू. उन्हं कलली की सगळी काच पेटल्यासारखी दिसते, आणि या घराबद्दल बोलणारे बहुतेक लोक तिथेच थांबतात. आमचं भांडण तिथूनच सुरू होतं.

आधी थोडी माहिती. घर बांधलं एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूजबरी हिनं. लोक तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. चार लग्नं, चार वेळा वैधव्य, आणि दर वेळी वाढलेली मालमत्ता. काम १५९० साली सुरू झालं आणि १५९७ मध्ये ती राहायला आली, तेव्हा ती सत्तरीच्या आसपास होती. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. सहा मनोरे, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं, ई आणि एस. नम्रतेचा प्रश्नच नाही!

आता खिडक्या बघा. तळमजल्यावर त्या बुटक्या आहेत, मधल्या मजल्यावर उंच, आणि वरच्या मजल्यावर सर्वांत उंच. काच तेव्हा महाग होती, म्हणजे भिंतीवर पैसाच जडवला होता म्हणा ना. पण ही एकसारखी रांग साधताना स्मिथसननं लबाडी केली आहे. काही खिडक्या खोट्या आहेत. बाहेरून काच, आणि मागे सरळ भिंत किंवा धुराडं. खोल्यांची गरज एक आणि दर्शनी बाजूची गरज दुसरी. दोघींचं जमलं नाही तिथे खोलीनं माघार घेतली.

याची किंमत कोणी मोजली? १६०१ साली घरातल्या सामानाची यादी केली गेली. बेसच्या स्वतःच्या निजायच्या खोलीच्या नोंदीत खिडकीपुढे टांगायची तीन पांघरुणं आहेत. आम्हाला ही नोंद या घरावरची सगळ्यांत नेमकी टीका वाटते. जिनं एवढी काच लावली, तिलाच रात्री ती झाकावी लागत होती.

मग हे घर नुसता देखावा आहे का? नाही. आम्ही याला थोर मानतो, पण ते आतल्या वाटेसाठी. जुन्या इंग्रजी घरात मोठं दालन दर्शनी बाजूला समांतर असे आणि त्यात एका टोकाकडून शिरावं लागे. इथे ते काटकोनात फिरवलंय. दार मधोमध, आणि दालन पुढून मागपर्यंत घराला छेदत जातं. साधी वाटणारी ही युक्ती इंग्लंडमध्ये तेव्हा नवीनच होती.

आणि तिथून जिना. दगडी, रुंद, मुळीच घाई नसलेला. तो सरळ वर चढत नाही. घरातून रेंगाळत, अंधारातून उजेडात वळत जातो. तळमजला नोकरचाकरांचा, मधला बाईंचा, वरचा समारंभाचा. म्हणजे बाहेर खिडक्यांची उंची जे सांगते, तेच आत पाहुण्याच्या पायांना कळतं. इथे मात्र लबाडी नाही.

एक गोष्ट तेवढी विसरू नका. स्वयंपाकघर तळाशी. जेवण याच जिन्यानं, मिरवणुकीसारखं वर जायचं. ते पोहोचेपर्यंत कितपत गरम राहत असेल, हे तुम्हीच ठरवा. ताटं उचलणाऱ्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कुठल्याच आराखड्यात नसतो.

जिना संपतो तो वरच्या थोरल्या दिवाणखान्याच्या दारात. भिंतीच्या वरच्या भागात रंगवलेल्या गिलाव्याचा रुंद पट्टा आहे : जंगल, प्राणी, आणि त्यांत डायना, कुमारी देवता. शेकोटीच्या वर राजचिन्ह. रोख उघड आहे, हे सगळं एलिझाबेथ राणीसाठी. शेजारी सुमारे ५० मीटर लांबीचं दालन. त्यासाठी बेसनं दुसऱ्या एका सरदाराच्या घरचे गिडियनच्या कथेचे पडदे विकत घेतले, आणि त्यांवरची त्याची चिन्हं झाकून आपली लावावी लागणार म्हणून किमतीत ५ पौंड कमी करून घेतले. आम्हाला ही बाई आवडते ती अशा जागी.

याच घरात तिची नात आरबेला स्टुअर्ट आजीच्या पहाऱ्याखाली वाढत होती. सिंहासनावर तिचाही हक्क पोहोचत होता. १६०३ च्या सुरुवातीला तिनं इथून निसटायचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्याच वर्षी मार्चमध्ये राणी वारली. हार्डविकचा तो जिना ती एकदाही चढली नव्हती.