पोथी आणि रुमाल : तंजावरच्या भोसले घराण्याचे कागद आणि तौलनिक साहित्याभ्यास

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने पोथ्यांच्या आधारे झाला आहे. शहाजीराजांची (कारकीर्द १६८४-१७१२) नाटके, दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८-१८३२) नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’, त्यांच्या काशीयात्रेशी निगडित असलेल्या ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ या कृतींना वाङ्मयेतिहासात स्थान मिळाले. त्याच राजवाड्याच्या परिसरात मोडी लिपीत लिहिली गेलेली पत्रे, याद्या, अर्ज आणि हिशेब मात्र ‘इतिहासाची साधने’ ठरले. पोथी साहित्याभ्यासकाकडे आणि रुमाल इतिहाससंशोधकाकडे, अशी ही वाटणी आहे. ती स्वाभाविक मानली जाते. परंतु तिलाही इतिहास आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, घडला.

दुसरे शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि १८५६ मध्ये राजवाड्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्य गेले तरी राजाची खाजगी मिळकत वारसांचीच राहते, हा त्यांच्या बाजूचा गाभा होता. मद्रासच्या न्यायालयाने तो मान्य केला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र १८५९ साली निकाल फिरवला. ताबा हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने त्याची छाननी न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे ठरले. पुढे १८६२ साली सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली, ती हक्क म्हणून नव्हे, अनुग्रह म्हणून. ‘राजाचे’ आणि ‘राज्याचे’ यांतील सीमारेषा घराण्याने आखली नाही. ती दुसऱ्याच कोणी आखली आणि पुसलीही. १९१८ साली सरस्वती महाल ग्रंथालय सार्वजनिक झाले आणि १९८३ साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. एका घराण्याचा संग्रह अशा रीतीने संस्थेचा झाला.

या प्रवासाचे वेगळेपण अमेरिकेतील अ‍ॅडम्स घराण्याच्या कागदांशी तुलना केली असता स्पष्ट होते. दोन राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या या कुटुंबाने आपली पत्रे व रोजनिशा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. १८७० साली क्विन्सी येथे त्यांच्यासाठी दगडी ग्रंथालय बांधले. १९०५ साली विश्वस्तनिधी स्थापन केला आणि १९५६ साली संपूर्ण संग्रह मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिला. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स यांची पत्रे त्यांच्या नातवाने १८४० मध्येच छापली होती. वारसच संपादक असल्यामुळे काय जपावे, काय छापावे आणि काय झाकावे याचा निर्णय घराण्यात झाला. तंजावरला हा अधिकार राहिला नाही. त्याचा एक परिणाम असा की, तेथील रुमाल हा घराण्याने आपल्या कीर्तीसाठी निवडलेला संच नाही. कोठीचा हिशेब आणि दरबारी यादी तेथे एकाच फडक्यात येऊ शकते. मात्र निवड न झाल्याचा हा लाभ संदर्भ तुटल्याच्या हानीसह येतो : कोणता कागद कोणी, कोणासाठी आणि का ठेवला हे सांगणारा घरचा माणूस मध्ये नसतो. अ‍ॅबिगेल यांचा आवाज त्यांच्या पत्रांतून येतो. कामाक्षीबाईंचा आवाज इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचतो तो वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या इंग्रजीतून, एक पक्षकार म्हणून.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने येथील कळीचा प्रश्न भाषेचा आहे. तंजावरच्या बहुभाषिकतेचा दाखला म्हणून शहाजीराजांचे ‘पंचभाषाविलास’ वारंवार पुढे केले जाते. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या पाचही भाषा त्यात आहेत; कृष्णावर अनुरक्त झालेल्या निरनिराळ्या देशींच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. परंतु हे बहुभाषिकत्व रंगभूमीवरचे आहे. प्रत्येक भाषेला स्वतंत्र पात्र, स्वतंत्र वेष आणि स्वतंत्र प्रदेश दिलेला आहे. भाषा एकमेकींशेजारी उभ्या राहतात, एकमेकींत मिसळत नाहीत. मोडी कागदांत चित्र निराळे दिसते. तेथे मराठी वाक्याच्या चौकटीत तमिळ वस्तुनामे, फारसीतून रुळलेल्या दरबारी संज्ञा आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शब्द सहज येतात. नाटक भाषांची मांडणी करते. कागद त्यांचा व्यवहार दाखवतो. केवळ पोथीवरून तंजावरची बहुभाषिकता ठरवणे म्हणजे सणाच्या पंगतीवरून रोजचे जेवण ठरवण्यासारखे आहे.

म्हणूनच कागद ‘जतन करणे’ याचा अर्थ केवळ वाळवीपासून वाचवणे एवढाच घेता येत नाही. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह प्रसिद्ध केले, हे कार्य मोलाचे आहे. मोडी न येणाऱ्या तमिळ अभ्यासकाला त्यामुळे दार उघडले. पण अनुवादाच्या स्वभावातच एक लोप आहे. मराठी वाक्यात परका म्हणून उठून दिसणारा तमिळ शब्द तमिळ अनुवादात स्वगृही परततो आणि मिश्रणाची खूणच नाहीशी होते. मोडीशी अपरिचित मराठी वाचकाची स्थिती तर अधिक विलक्षण आहे : आपल्याच भाषेतील पत्र त्याला तमिळमधून समजून घ्यावे लागते. बाळबोध लिप्यंतर हा उपाय खरा, पण शुद्धलेखनाच्या आग्रहाने केलेले लिप्यंतरही तोच लोप दुसऱ्या बाजूने घडवू शकते. महाराष्ट्रात गो. स. सरदेसाई यांनी १९३०-३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडीचे ४५ खंड संपादित केले. त्या परंपरेचे ऋण मोठे आहे. तथापि राजकीय घडामोडीला प्राधान्य देणारी निवड तंजावरला पुरेशी ठरणार नाही, कारण तेथे कागदाचे महत्त्व बातमीत जितके, तितकेच बोलीत आहे.

या कागदांचे इंग्रजी अंग चेन्नईत आहे. एग्मोर येथील तमिळनाडू अभिलेखागारात मद्रास सरकारचा तंजावरविषयक इंग्रजी पत्रव्यवहार आहे. तो टाचणांसह, क्रमाने लावलेला आणि संशोधकाला हाताळण्यास सोपा आहे. या सोयीमुळेच धोका संभवतो. इंग्रजी कागदात राजवाडा हा विषय असतो. मोडी कागदात तो बोलणारा असतो. केवळ एग्मोरमध्ये बसून लिहिलेला तंजावरचा इतिहास हा अर्ध्या संवादाचा इतिहास होय. दोन्ही ठिकाणच्या कागदांची तारीख, विषय आणि व्यक्ती यांनुसार एकत्रित सूची झाली, तरच हा संवाद पुन्हा जुळेल.

कोठीचा हिशेब म्हणजे साहित्य काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो हिशेब ललितकृती नव्हे, हे मान्यच आहे. परंतु ‘देवेंद्र कुरवंजी’मध्ये तमिळ लोकनाट्याचा साचा मराठीत वापरून भूगोल सांगितला गेला, तो धीटपणा कोणत्या भाषिक सवयीतून आला, याचे उत्तर पोथीच्या आत सापडत नाही. ते शोधायचे ठिकाण रोजचे लेखन हेच आहे. मोडी आणि तमिळ दोन्ही वाचू शकणारा अभ्यासक आज दुर्मीळ आहे आणि छायाचित्रणाने कागद टिकला तरी वाचक टिकत नाही. मूळ मोडी, तिचे काटेकोर बाळबोध रूप आणि अनुवाद एकाच पानावर देणारी, परभाषी शब्दांवर खूण राखणारी संपादने हाती घेणे, आणि ती करू शकणारे विद्यार्थी घडवणे, ही भाषा विभागांची जबाबदारी आहे. ती केवळ इतिहास विभागांवर सोपवली, तर रुमाल सुरक्षित राहतील. त्यांतील मराठी मात्र हरवलेली असेल.