‘किशोरवयीन’ हा शब्द बदलून प्रोपोजल होत नाही

‘हिंसा आणि आरोग्यसेवा यावर काम करायचंय, दिलासा वाचू का?’ असं बरेच जण विचारतात. जरूर वाचा. 2000 च्या सुमारास मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र उभं केलं. विचार साधा होता: मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येते. मग नर्स-डॉक्टरांना खुणा ओळखायला शिकवा आणि समुपदेशक त्याच इमारतीत बसवा.

माझी तक्रार या कामाबद्दल नाही. ते वाचून आपण जी प्रोपोजलं लिहितो त्यांच्याबद्दल आहे. मी स्वतः पहिल्या मसुद्यात ‘स्त्रिया’ खोडून ‘किशोरवयीन’ लिहिलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, ‘आई बाहेर कधी जाणार?’

पंधरा वर्षांची मुलगी एकटी येत नाही. आपल्या रत्नागिरीत आईबाप मुंबईला असले तर सोबत आजी किंवा काका असतात, आणि परतीची एसटी गाठायची असते. कधी नर्सही शेजारच्या वाडीतली निघते. अशा वेळी ‘घरी कुणी त्रास देतं का?’ हा प्रश्न डेटा देत नाही, मुलीला धोक्यात घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना तर मोठ्या स्त्रियांनाही सरसकट विचारू नका म्हणतात. खुणा दिसल्या तर, एकांतात, आणि पुढे मदत देता येणार असेल तरच विचारायचं.

दुसरा पेच कायद्याचा आहे, आणि तो प्रोपोजलमध्ये हमखास गायब असतो. पोक्सो कायदा 2012, कलम 19: अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर कुणालाही पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा. ‘कुणालाही’ म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरला आहे, रेकॉर्डर घेऊन बसलेल्या संशोधकाला नाही. मग ‘सर्व माहिती गोपनीय राहील’ हे वाक्य आपण कोणत्या तोंडाने छापतो?

आकडे शोधायला गेलात तरी हेच वय निसटतं. एनएफएचएस-5 चे कौटुंबिक हिंसेचे आकडे 18 ते 49 वयाच्या स्त्रियांचे आहेत. बापाने आईला मारलेलं पाहिलं का, हा प्रश्न त्यात आहे, पण उत्तर मोठेपणीच्या आठवणीतून येतं. घरातली मारहाण रोज बघणारा चौदा वर्षांचा मुलगा मात्र कुठल्याच रकान्यात नाही. मला ही उणीव सगळ्यात जास्त खटकते.

कागदावर त्याच्यासाठी जागा आहे बरं का. 2014 चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयासाठी आहे आणि त्याच्या सहा विषयांत हिंसाही येते. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. तिथे मुलगा पुरळ दाखवायला येतो आणि मध्येच गप्प होतो, तेव्हा समुपदेशक काय करते? यावर प्रोपोजल लिहा, मी वाचायला तयार आहे.

पालकांची संमती माफ करण्याचा अर्ज नैतिक समितीकडे करता येतो, तेवढं आधी बघून ठेवा. आणि संमतीपत्रात ‘कोणती गोष्ट सांगितलीस तर मला ती पोलिसांना सांगावी लागेल’ ही ओळ पहिल्या प्रश्नाच्या आधी यायला हवी. माझी ती ओळ आता चौथ्यांदा बदलतेय. नववीतल्या मुलीला कळेल अशी अजून जमलेली नाही.