४८ लाख किलोमीटर चाललेली एक स्पोर्ट्स कार : हा पुरावा नेमका कशाचा?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती घंटे चालला?" किलोमीटर कोणी विचारत नाही. रोवणीच्या आधी बांधीत दिवसभर चिखलणी केली तरी किलोमीटर किती होणार? म्हणून ट्रॅक्टरला तास मोजणारा मीटर असतो. पण तोच माणूस जुनी कार घेताना फक्त किलोमीटर बघतो. माप का बदललं, हे त्याला विचारा. उत्तर सहसा मिळत नाही.

संशोधनातही आपण असंच करतो. म्हणून आज एक प्रसिद्ध उदाहरण तपासू.

लाँग आयलंडवर राहणारे इर्व गॉर्डन हे विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी१८००एस ही स्पोर्ट्स कार नवी घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. गिनीजमध्ये नोंद आहे. "स्पोर्ट्स कार टिकत नाहीत" असं कोणी म्हटलं की हीच गाडी पुढे केली जाते. नोंद खरी आहे. माझा आक्षेप तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षावर आहे.

पहिला आक्षेप : बाकीच्या गाड्या कुठे आहेत?

या मॉडेलच्या हजारो गाड्या बनल्या. आपल्यापर्यंत बातमी एकीचीच आली, कारण ती चालत राहिली. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या सांख्यिकीतज्ज्ञाने हेच दाखवलं होतं : परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं मोजताना न परतलेली विमानं विसरू नका. गॉर्डन यांची गाडी एवढंच सिद्ध करते की इतकं अंतर शक्य आहे. किती शक्यता आहे, हे ती सांगत नाही.

दुसरा आक्षेप : किलोमीटर हे माप पुरेसं आहे का?

४८ लाख भागिले ४७ वर्षं करा. वर्षाला एक लाखाच्या वर किलोमीटर येतात. एवढं अंतर गल्लीबोळात होत नाही. गॉर्डन रोज लांबचा प्रवास करत. आता ट्रॅक्टरवाल्याचा हिशोब लावा. ताशी ८० च्या वेगाने एक लाख किलोमीटर म्हणजे इंजिनाचे १२५० तास. शहरात ताशी २० ने तेच अंतर म्हणजे ५००० तास. मीटरवर आकडा एकच, झीज चौपट तासांची. शिवाय छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पाणी आणि इंधन साचतं.

उलटी बाजूही आहे. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवा : दोन दारांची, फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉच्या छोट्या इंजिनाची. समुद्रकाठी पत्रा गंजतो, फायबरग्लास गंजत नाही. समजा अशी एखादी गाडी वर्षानुवर्षं उभीच आहे. मीटर कमी, बॉडी चकचकीत. पण रबराचे पाइप आणि सील वयाने कडक होतात, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. काही भाग अंतराने झिजतात, काही तासांनी, काही नुसत्या वर्षांनी.

तिसरा आक्षेप : 'टिकली' म्हणजे काय?

गॉर्डन यांच्या गाडीचं इंजिनकाम झालेलं आहे. देखभालीबद्दल ते अतिशय काटेकोर होते. मग टिकलं काय? गाडी, की मालकाची शिस्त? इंजिन उघडावं लागणं म्हणजे 'निकामी' असं धरलं तर उत्तर वेगळं येतं, गाडी भंगारात जाणं धरलं तर वेगळं. व्याख्या आधी लिहायची असते. डेटा बघून ठरवली तर आपण स्वतःलाच फसवतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी राईस मिलमधल्या मोटरींच्या बेअरिंगचं आयुष्य काढायला निघालो. चालू मोटरींचं वय लिहिलं, सरासरी काढली आणि खूश झालो. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "बंद पडलेल्या कुठे आहेत?" त्या मिलच्या मागे भंगारात पडल्या होत्या. मी रोज त्यांच्या बाजूने जात होतो.

माझ्या चुका खरं तर दोन होत्या, विरुद्ध दिशांच्या. मेलेल्या मोटरी वगळल्यामुळे आयुष्य जास्त दिसत होतं. चालू मोटरीचं आजचं वय हेच तिचं आयुष्य धरल्यामुळे ते कमी दिसत होतं. दोन्ही एकमेकींना नेमक्या खोडतील, या भरवशावर राहता येत नाही. गॉर्डन २०१८ मध्ये वारले तेव्हाही गाडी चालू होती. म्हणजे तिचीही नोंद 'किमान इतकं' अशीच करायला हवी. अशा अपूर्ण नोंदींसाठी १९५८ ची कॅप्लन-मायर पद्धत आहे. ती बंद पडलेले आणि अजून चालणारे, दोघांनाही हिशोबात घेते. नुसती सरासरी हे करू शकत नाही.

तुमचा विषय भाताचं बियाणं असो, बॅटरी असो की रुग्ण, सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन ओळी कागदावर उतरवा : सुरुवातीला एकूण किती होते, मोजायचं एकक कोणतं आणि का, आणि 'संपलं' कधी म्हणायचं. तिसरी ओळ लिहिताना अडलात, तर अजून डेटा गोळा करायला निघू नका.