तारपा ऐकायचा राहिला

वारल्यांच्या तारपा या फुंकवाद्यावर मराठीत जे लिहिलं गेलं ते बहुतेक नाचावर. फेर, पावलं, वारली चित्रातलं ते माणसांचं वेटोळं. जिव्या सोमा मशे यांच्या कुंचल्यानं ते वेटोळं जगभर नेलं, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेटोळ्याच्या मधोमध उभा राहून फुंकणाऱ्याचं संगीत मात्र समीक्षेच्या कानावर आलंच नाही.

खोडाळा, मोखाडा, जव्हारच्या पाड्यांत भात पिकू लागलं की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत वाजतो. सुकवलेला दुधी, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत जिभा, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. हातानं घडवलेलं वाद्य, म्हणून प्रत्येकाची पट्टी वेगळी. वादक गालांत हवा धरून नाकानं श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. हाताशी स्वर मोजकेच असतात. पण तीच चाल फिरवत फिरवत तो मध्येच एखादा स्वर लांबवतो, ठेका किंचित सरकवतो, आणि चाल बदलली की अख्खा फेर पाऊल बदलतो. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. इथे वाद्य साथ करत नाही, नाच वाद्याची साथ करतो. रात्रभर चालणारं हे एकलवादन आहे आणि त्याची खरी रचना तासांच्या हिशेबातच कळते.

तुलनेसाठी डबल बेस हे मोठं तंतुवाद्य घ्या: पाश्चात्त्य संगीतात तो वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतला. विसाव्या शतकात संगीतकारांनी त्याला एकट्याला पुढे आणलं. मेचिस्वाव वाइनबर्ग यांनी 1971 साली फक्त डबल बेससाठी सोनाटा लिहिला, सोबतीला पियानोसुद्धा नाही. तारप्याचा प्रवास नेमका उलटा झाला. जो मधोमध होता तो महोत्सवांच्या मंचावर कडेला गेला. दहा मिनिटांचा कार्यक्रम, पुढे रंगीत साड्यांचा फेर, मागे ढोलाचा दणका. चाल रुजायच्या आत टाळ्या पडतात. माझ्या मते तारप्याचं सर्वांत मोठं नुकसान या कापलेल्या वेळेनं केलं आहे. वाद्य टिकलं तरी वादन आखूड होत चाललं आहे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, मग पोरांना शिकायला उरतात ते पावसाळ्याच्या शेवटाचे थोडे आठवडे.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 ची पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेल्या तारपावादकाचा हा मान फार मोलाचा आहे, आणि या वेळी तो चित्राला नाही, सुराला मिळाला आहे. आता तरी संगीताच्या अभ्यासकांनी पाड्यावर पूर्ण रात्र बसून ध्वनिमुद्रण करावं, चाली त्यांच्या वादकांच्या नावानिशी नोंदवाव्यात. आयोजकांनी एकदा तरी फेर न बोलावता एकट्या तारप्याला तासभर द्यावा, आणि त्या तासाचं मानधन वादकाच्या हातात ठेवावं.