वाचकांचा कौल आणि कादंबरीची कसोटी

कादंबरीविषयीचे अभिप्राय आपल्या समाजात दोन ठिकाणी उमटतात. टीकाकाराचा अभिप्राय नियतकालिकात छापला जातो आणि कालांतराने पाठ्यपुस्तकात स्थिरावतो. वाचकाचा अभिप्राय कीर्तन आटोपल्यावर सभामंडपात, ग्रंथालयाच्या पायरीवर किंवा हळदीकुंकवाच्या बैठकीत बोलला जातो आणि तेथेच विरून जातो. त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. तथापि कोणते पुस्तक दोन पिढ्यांपलीकडे जगावयाचे, हे बहुधा तोच ठरवितो. इंदुरातील राजेंद्र नगरासारख्या मराठी वस्तीत तर त्याचे मोल अधिकच आहे. येथे घरात आणि उत्सवात मराठी असली, तरी बाजारात, कचेरीत आणि बहुतेक शाळांत हिंदीच चालते. येथला वाचक मराठी कादंबरी हाती घेतो ती केवळ स्वतःच्या ओढीने. म्हणूनच त्याचे मत आदराने ऐकावे आणि तितक्याच आस्थेने पारखावेही, असे मला वाटते.

या मंडळींत वारंवार निघणारा पहिला वाद अभिजात आणि लोकप्रिय यांचा. एक पक्ष म्हणतो, हरिभाऊ आपट्यांचे लेखन थोर खरे, पण संथ; बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा मात्र हातची सोडवत नाही. दुसऱ्या पक्षाला अर्नाळकरांचे नाव घेणेही कमीपणाचे वाटते. दोघेही एक गोष्ट विसरतात. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी वाचकांपुढे आली ती १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून, क्रमशः. ज्या पत्राच्या नावातच करमणूक आहे, त्याच्या वाचकांनी यमुनेची कहाणी भागाभागाने वाचली. आज जिला आपण अभिजात म्हणतो ती कृती आपल्या काळात लोकप्रियच होती. उलट हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या मागे लावून किती जणांना मराठी वाचनाची गोडी लावली, याचा हिशेब कोणत्या वाङ्मयेतिहासाने मांडला आहे?

मग दोघे एकाच तोलाचे म्हणावयाचे काय? तसेही नाही. येथे देवळातील श्रोत्याचा अनुभव उपयोगी पडतो. सीताहरण होणार, हे रामकथेला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्याचा जीव कासावीस होतो. कथा माहीत झाल्यावरही जी ओढून घेते ती मोठी, ही कसोटी आपल्या श्रोतृवर्गाने कोणत्याही समीक्षाशास्त्राच्या मदतीवाचून शोधून काढली आहे. ती लावून पाहा. खुनी कोण, हे उलगडले की रहस्यकथेचे काम संपते; तिने तेवढेच वचन दिलेले असते आणि ते ती पाळते. यमुनेचे पुढे काय होणार, याचा अंदाज मात्र वाचकाला लवकरच येतो, तरी तिचे माहेर, सासर, साध्यासुध्या घरगुती बोलण्यातून दिसणारी माणसे यांच्याकडे तो पुनःपुन्हा वळतो. आपट्यांचा संथपणा हा या परिचयाचा अवकाश आहे. तो दोष मानणाऱ्याने एकदा दुसरे वाचन करून पाहावे.

ऐतिहासिक कादंबरीविषयी इंदूरच्या वाचकाचा कौल पुणेकराहून वेगळा पडतो, हे स्वाभाविक आहे. ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’ या कादंबरीत यशवंतराव होळकरांना नायक केले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव करणारा हा सरदार पुण्याच्या स्मृतीत बंडखोर म्हणून राहिला. पुढे इंग्रजांशी झुंजणारा तोच पुरुष माळव्याच्या स्मृतीत वीर म्हणून राहिला. त्यामुळे ‘आमच्या यशवंतरावांना अखेर न्याय मिळाला’ हा अभिप्राय येथे सहज उमटतो. भावना समजण्यासारखी आहे, परंतु एवढ्यावर कादंबरी श्रेष्ठ ठरत नाही. आपल्या गावाचा नायक आहे म्हणून आपण पुस्तकावर प्रेम करतो की पुस्तकाने तो माणूस नव्याने दाखविला म्हणून, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. पुण्याच्या वाचकाला यशवंतरावांविषयी जिव्हाळा वाटू लागला, तर ते यश निःसंशय कादंबरीचे. आपला जिव्हाळा तर आधीपासूनचाच होता.

सर्वांत कठीण परीक्षा पौराणिक कादंबरीची, कारण तिचा वाचक मूळ कथा ऐकूनच वाढलेला असतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’विषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, ‘हे व्यासांत नाही, म्हणून खोटे.’ कोणी म्हणतात, ‘कर्णासाठी डोळे भरून आले, म्हणून थोर.’ पहिला निकाल लावला तर भारतीय वाङ्मयाचा मोठा भाग बाद करावा लागेल. व्यासांपासून घेतलेली कथा प्रत्येक युगाने आपल्यापरीने पालटली आहे. दुसरा निकालही अपुरा आहे. सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या मुखातून कथा सांगितली. कर्ण स्वतः बोलू लागला की आपण त्याच्या दुःखाच्या बाजूला जाऊन बसतो, आणि द्यूतसभेत द्रौपदीला अपमानकारक शब्द बोलणारा कर्ण आपल्या नजरेआड होऊ पाहतो. हे निवेदनपद्धतीचे सामर्थ्य आहे, तशीच तिची मर्यादाही. ज्या १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली त्याच साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. त्यात महाभारतातील माणसे, कर्णासह, प्रभावळ काढून पाहिलेली आहेत. माझी शिफारस अशी की, एक वाचणाऱ्याने दुसरे अवश्य वाचावे. दोन्ही वाचूनही ज्याचे कर्णावरील प्रेम उरेल, त्याचे मत मला अधिक भरवशाचे वाटेल.

आपल्या काव्यशास्त्राने वाचकाला ‘सहृदय’ म्हटले. काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले तो सहृदय, अशी अभिनवगुप्ताची कल्पना. तिच्यात पदवीची अट नाही, सरावाची आहे. म्हणजे वाचकाचे मत जन्मतः प्रमाण नसते, तसे ते जन्मतः तुच्छही नसते. वाचून, तुलना करून, पुन्हा वाचून ते अधिकार मिळविते. ‘आवडले’ हा अभिप्रायाचा आरंभ आहे. ‘का आवडले’ आणि ‘दुसऱ्यांदा आवडले काय’, या दोन प्रश्नांची उत्तरे दिली की तो पुरा होतो.

याची आज निकड आहे. ‘मृत्युंजय’चा हिंदी अनुवाद भारतीय ज्ञानपीठाने केव्हाच प्रसिद्ध केला असून तो हिंदी प्रदेशात मोठ्या आवडीने वाचला जातो. ही गोष्ट अभिमानाचीच. परंतु इंदूरच्या मराठी घरातील मुलगा कर्णाची कथा हिंदीत वाचून थांबला, तर त्या अभिमानात थोडी हानीही मिसळलेली आहे. घरात कोकणी आणि पोथी मराठी अशी ज्या कुटुंबांची रीत चालत आली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. बोलण्यातली भाषा टिकते, पण ग्रंथातली भाषा वाचणारा असेल तरच टिकते. अशा मुलाने रहस्यकथेपासून आरंभ केला तर त्याला हसू नये, आणि तो तेथेच थांबला तर स्वस्थही बसू नये. त्याच्या हाती पुढचे पुस्तक देणारा एक वडीलधारा वाचक घरात असावा, आणि पुस्तक परत आल्यावर त्याने मुलाला ‘काय वाटले?’ एवढे विचारून उत्तर पुरते ऐकून घ्यावे.