मिलिंद : भुंगा की राजा?

बारशाच्या निमित्ताने घरोघरी चाळल्या जाणाऱ्या नामावल्यांत 'मिलिंद' या नावापुढे बहुधा 'भुंगा' एवढाच अर्थ दिलेला असतो. संस्कृत कोशाप्रमाणे तो बरोबर आहे. नावाची ओळख म्हणून मात्र अपुरा आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर हा पाली 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात 'मिलिंद' झाला. मूळ 'मेनान्द्रोस' या नावात बळ वा ठामपणा सुचविणाऱ्या पदाला 'पुरुष' या अर्थाचे पद जोडलेले आहे. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या या जिज्ञासू राजाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिळाले. तेथे भुंग्याचा अर्थ लावून कसे चालेल?

नामावलीकार ग्रीक नावांना परकी समजून वगळतात, हाही दोषच. फिलिप म्हणजे अश्वप्रेमी, जॉर्ज म्हणजे शेतकरी, स्टीफन म्हणजे मुकुट. विदिशेजवळ बेसनगरला गरुडध्वज उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओडोरस हा अर्थाने आपला 'सूर्यदत्त'च. दोन पदे जोडून नाव घडविण्याची रीत दोन्ही भाषांत सारखी आहे.

तरीही नावाच्या अर्थावरून माणसाचे मूळ ठरत नाही. नाशिकच्या लेण्यातील एका शिलालेखात उत्तरेकडून आलेला दाता स्वतःला 'योनक', म्हणजे यवन, म्हणवतो. त्याचे नाव मात्र इंद्राग्निदत्त आणि पित्याचे धम्मदेव. कार्ल्याच्या खांबांवरील धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावेही भारतीय वळणाची आहेत. लेखात 'यवन' हा शब्द नसता, तर त्यांना आपण निःशंकपणे येथलेच मानले असते.

आपल्या सीमाभागाला हे विशेष लागू पडते. येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांतही कल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा ही नावे आहेत. त्यांतील 'अप्पा'वरून घराची भाषा ठरविणे म्हणजे इंद्राग्निदत्ताला यवन नव्हे म्हणण्यासारखे आहे. सरकारी नोकरीत असंख्य याद्या डोळ्यांखालून गेल्या. नाव शेजारातून येते, भक्तीतून येते, आजोबांच्या आठवणीतून येते; भाषा कोणती, हे माणसालाच विचारावे लागते.

म्हणून नामकोशाने शब्दार्थापाशी थांबू नये. नाव कोठून आले, कोणी धारण केले आणि वाटेत कसे बदलले, हेही सांगावे. तेवढे केले, तर बारशाचे पुस्तक समाजाच्या इतिहासाचे साधन होईल.